बीएड करताय ना? मग आधी स्वतःचं नाव गुगलवर टाकून बघा

माझी बीएडची इंटर्नशिप होती, अमळनेर तालुक्यातली एक शाळा, दुसराच दिवस. मधल्या सुट्टीत आठवीतला एक पोरगा आला न हळूच म्हणे, मॅडम तुमचा हळदीतला डान्स एकदम भारी. आता डान्सचं काही नाही हो, खान्देशात हळदीला नाचायचं नाही तर कधी नाचायचं, पण त्याच रीलखाली मी कोणाशी तरी तावातावाने भांडलेली होती, भाषा पण धड नव्हती, आणि पोराने ते सगळं वाचलेलं होतं. त्या रात्री बसून जे केलं ते सांगते.

पहिलं काम, क्रोममध्ये इन्कॉग्निटो (आपलं लॉगिन नसलेली खाजगी विंडो) उघडा आणि आपलं नाव अवतरण चिन्हांत टाकून शोधा. मराठीत पण, इंग्रजीत पण, आणि चौधरी-पाटील असाल तर गाव, कॉलेज जोडा, नाहीतर अर्धा जळगाव जिल्हा समोर येईल. इमेजेस बघा, मोबाईल नंबर टाकून बघा. सापडेल ते वहीत लिहा, लगेच डिलीट मारत सुटू नका, मी तसं केलं न काय राहिलं काय गेलं तेच कळेना.

मग फेसबुक. सेटिंगमध्ये 'लिमिट पास्ट पोस्ट्स' आहे, त्याने जुन्या पब्लिक पोस्ट एका झटक्यात फक्त फ्रेंड्सना दिसतात. फ्रेंड्स लिस्टमध्ये कोण कोण भरलंय ते मात्र आपणच बघायचं. इन्स्टावर 'युअर ॲक्टिव्हिटी'त आपल्या सगळ्या कमेंट एका जागी मिळतात, निवडून उडवा, मला हेच सगळ्यात कामाचं वाटलं. अकाउंट प्रायव्हेट केलं तरी आधीचे फॉलोअर तसेच राहतात, ते हाताने काढावे लागतात. टिकटॉक २०२० मध्ये बंद झालं म्हणून निश्चिंत राहू नका, लोकांनी उतरवलेले व्हिडिओ यूट्यूबवर फिरताहेत. आणि डिलीट केलेलं पान गुगलमध्ये काही दिवस दिसतं, घाबरू नका.

व्हॉट्सॲपला 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' तिथे माय कॉन्टॅक्ट्स करा. पालकांकडे नंबर गेला की डीपी पण ते बघू शकतात, आणि त्यांचा नंबर आपण सेव्ह केला तर स्टेटस पण, म्हणून ते सेटिंग पण बघा.

सगळं पुसून कोरं मात्र करू नका. अहिराणी कविता म्हणतानाचा व्हिडिओ, फळ्यावरचं अक्षर, पाठाचं साहित्य, हे राहू द्या, उलट अजून टाका. फक्त वर्गातल्या पोरांचे फोटो नको, शाळेने न पालकांनी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पण १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

राहिलं दुसऱ्यांनी टाकलेलं. टॅग आपण काढू शकतो, पण त्याने फक्त आपल्या प्रोफाईलवरून जातं, व्हिडिओ त्याच्याकडे राहतोच, तिथे फोनच करावा लागतो. मी मामेभावाला केला तर तो म्हणे, "काय झाये ताई, भारी ते शे व्हिडिओ!" शेवटी माझ्या कमेंट मी काढल्या, त्याने कमेंट बंद केल्या. डान्स अजून आहे.