झाड तोडताना अंगण, हिरवळ आणि घर कसं सांभाळायचं

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून सरकून गेलं, तेव्हा आमच्या मागीलदारचा फणस घराकडे कलला. आठ दिवसांत आम्ही तो तोडून घेतला. पडताना तो ठरल्या जागी पडला, कौलाला फांदीसुद्धा लागली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि नेमकं त्यानंतर नुकसान झालं. आदल्या रात्री वळवाची सर येऊन गेली होती. ओंडके न्यायला ट्रॅक्टर हिरवळीवरून आत घेतला, त्याचं मागचं चाक सेप्टिक टँकच्या झाकणावर गेलं आणि झाकण फुटलं. चाकांच्या दोन चाकोऱ्या अशा रुतल्या की त्यांत दिवाळीपर्यंत पाणी साचत होतं.

तेव्हापासून घरचं काम असो वा शेजाऱ्यांचं, मी आधी एकच विचारतो: तोडलेलं लाकूड खाली कुठे उतरणार आणि बाहेर कुठून जाणार? याचं उत्तर करवत लावण्याआधी मिळालं, तर बाकीची काळजी बरीचशी आपोआप घेतली जाते.

दिवस कोणता निवडायचा

कोकणात झाडं तोडायची आठवण सगळ्यांना मेच्या शेवटच्या आठवड्यात होते. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांत नारळी-पोफळींची काय गत केली, ते पाहिल्यावर ही घाई समजण्यासारखी आहे. पण त्या दिवसांत चांगली माणसं मिळत नाहीत, मिळाली तर दिवसाला तीन घरं उरकतात, आणि जमीन ओली व्हायला एक वळीव पुरतो. पाऊस संपून जमीन वाळली की, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून पुढे, हे काम काढावं. शेजारी हापूसची कलमं असतील तर मोहोर येण्याआधी उरका.

जमीन तयार आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर वाहन आत घेऊ नका. भुसभुशीत होऊन सुटली तर हरकत नाही. ओली माती चाकाखाली दबली की तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात, मुळांना श्वास मिळत नाही आणि गवत पिवळं पडतं. म्हणून कामाआधी दोन-तीन दिवस हिरवळीला पाणी देणं थांबवा.

कागद आधी

आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या जागेत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांतल्या झाडांसाठीचा कायदा लागू होतो, तिथे अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. लाकूड बाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या पासचंही तेव्हाच विचारून घ्या. आपल्याकडे सातबारा बहुधा सामाईक असतो. मुंबईतल्या चुलत्यांची, आत्यांची लेखी संमती आधी घ्या, नंतर फोनवर समजूत घालणं फार जड जातं.

ठेकेदाराबरोबरही साधा कागद करा. झाड किती उंचीवर कापायचं, खोड काढायचं की ठेवायचं, लाकूड कोणाचं, पालापाचोळा कोण उचलणार, कौल किंवा पाईप फुटल्यास भरपाई कोण देणार, कामगारांचा विमा आहे का, हे सगळं त्यात लिहा. निदान एक तृतीयांश पैसे अंगण साफ झाल्यावर द्यायचे ठरवा. आदल्या दिवशी घराचे, गडग्याचे (दगडी कुंपणाचे), पायऱ्यांचे, हिरवळीचे फोटो काढून ठेवा. भिंतीतली चीर जुनी की नवी, हा वाद फोटोने मिटतो.

विजेची तार जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन त्या वेळेपुरती लाईन बंद करून घ्या. ती खरंच बंद झाली आहे, हे लाईनमनच्या तोंडून ऐकेपर्यंत कोणालाही झाडावर चढू देऊ नका.

चुन्याच्या फक्कीने नकाशा काढा

हे काम आदल्या संध्याकाळी, ठेकेदाराला सोबत घेऊनच करायचं. जमिनीखाली काय काय आहे ते वरून चुन्याने आखा: सेप्टिक टँक, शोषखड्डा, विहिरीवरून येणारी पाईपलाईन, अर्थिंगचा खड्डा, हिरवळीतले फवारे. त्यावर काठ्या रोवून लाल फडकी बांधा. पाईप कुठून गेलाय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना तो पुरलेला दिवसही आठवत असतो.

मग झाड किंवा फांद्या उतरवायची जागा आखा. झाडाच्या उंचीच्या दीडपट, जमलं तर दुप्पट अंतरात कामाची माणसं सोडून कोणीही नको. गुरं दुसरीकडे बांधा, कुत्रा घरात ठेवा, गाडी रस्त्याच्या पलीकडे लावा.

शेवटी वाट आखा. ओंडके कुठून जाणार? वाट अरुंद असेल आणि मध्ये गडगा असेल, तर त्याचे आठ-दहा फूट चिरे हाताने उतरवून बाजूला रचा. कोरडा रचलेला गडगा वाहनाचा धक्का लागला की लांबवर ढासळतो, तर हाताने उतरवलेला अर्ध्या दिवसात परत उभा राहतो. जेसीबी आत घ्यायचा मोह टाळा. सात टनांच्या वरचं यंत्र हिरवळीवर एकदा वळलं की त्याची खूण वर्षभर राहते.

छप्पर, विहीर, वृंदावन

कौलांवर ताडपत्री टाकली की काम झालं असं अनेकांना वाटतं. ताडपत्रीने धूळ अडते, मार अडत नाही. झाडाच्या बाजूच्या पागोळीकडच्या तीन-चार ओळी सरळ उतरवून पडवीत रचून ठेवा आणि उघड्या रिपांवर जाड प्लायवूड बांधा. सुटं ठेवलेलं प्लायवूड घसरून खाली येतं. कौलांवर कोणालाही पाय देऊ देऊ नका. चढायचंच असेल तर शिडी आडवी टाकून तिच्यावरून जायचं. जुन्या घरांनी तर जास्तच जपावं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून किती तऱ्हांचे साचे येऊन गेले! नवीन कौल जुन्याच्या खाचेत बसेलच असं नाही, आणि फट राहिली की पावसात पाणी थेट वाशावर येतं. वीस-पंचवीस जुनी कौलं नेहमी हाताशी असावीत.

सोलर हीटरच्या नळ्यांवर जुनी गोधडी आणि वर फळी ठेवा. वृंदावनाभोवती जुने टायर रचून वर गोणपाट बांधा. जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडांवरही टायर ठेवावेत, चिऱ्याची कड एका ओंडक्याने उडते.

विहीर मात्र पूर्ण झाका: आधी फळ्या, मग ताडपत्री, कडेला दगड. भुसा पाण्यात कुजतोच, पण त्याहून वाईट म्हणजे करवतीच्या मशीनच्या साखळीचं तेल. काही ठिकाणी साखळीला गाडीचं जळकं ऑईल वापरतात. करवत चालताना ते थेंबाथेंबाने उडतं आणि जमिनीवर सांडतं. मशीनमध्ये तेल-पेट्रोल भरण्यासाठी विहिरीपासून आणि हिरवळीपासून लांब, गोणपाट अंथरून एक जागा ठरवून द्या.

हिरवळीला गादी

दोन फूट व्यासाचा, तीन फूट लांबीचा फणसाचा ओला ओंडका दोनशे किलोच्या वर भरतो. तो पंधरा फुटांवरून पडला की जमिनीत खड्डा होतोच. म्हणून आधी लहान फांद्या उतरवायच्या आणि त्या उचलून न नेता पडण्याच्या जागेवरच आडव्या-उभ्या अंथरायच्या. नारळ असेल तर झावळ्या आहेतच, भाताचा पेंढाही चालतो. दीड-दोन फुटांचा थर झाला की मोठे तुकडे त्यावर पडतात आणि मातीला मार बसत नाही.

घराच्या अंगावर झुकलेल्या फांद्या मोकळ्या सोडायच्याच नाहीत, दोरानेच उतरवायच्या. फांदीला बांधलेला दोर वरच्या मजबूत बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे आणि हळूहळू सैल करायचा. दोर धरणाऱ्याने तो हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. झाड आतून पोखरलेलं असेल तर त्याच्या बेचक्यावर हा भार टाकणं धोक्याचं आहे. अशा वेळी शेजारच्या भक्कम झाडाचा आधार घ्यावा, किंवा बाहेरून क्रेन लावावी. नारळाचा क्रम ठरलेला आहे: आधी नारळ आणि झावळ्या, मग दोर बांधून शेंडा, मग वरून खाली तीन-चार फुटांचे तुकडे.

खोडात जुने खिळे, कपड्यांच्या दोरीचे हूक असतात, ते आधी उपटून काढा. करवत खिळ्यावर गेली तर साखळी तुटून उडते. फांद्यांत हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी, मधमाश्यांचं पोळं, पक्ष्याचं घरटं आहे का तेही बघून घ्या. घरट्यात पिल्लं असतील तर काम पुढे ढकला. चार आठवडे थांबल्याने सहसा काही बिघडत नाही.

ओंडके ओढून न्यायचे नाहीत, ओढलेला ओंडका हिरवळ नांगरतो. दोन-दोन फुटांचे तुकडे करून, काठीला दोर बांधून दोघांनी उचलून न्यावेत. ढकलगाडी वापरली तर तिच्याखाली फळ्या टाका. ट्रॉली आणल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर कोरड्या जमिनीवर झावळ्यांचा थर, त्यावर एकमेकांवर कड चढवलेल्या १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या फळ्या, आणि ट्रॉली अर्धीच भरायची.

आणखी एक चूक फार होते. प्लायवूड आणि ताडपत्र्या रात्रभर, मग दुसऱ्या दिवशीही तशाच राहतात. आपल्याकडच्या उन्हात त्यांच्याखालचं गवत काही तासांत शिजतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि संध्याकाळी तर नक्कीच, सगळं उचलायला लावा.

राहणाऱ्या झाडांकडेही लक्ष असू द्या. कलमाच्या सावलीच्या घेरात ओंडके रचू नका, तिथून वाहन नेऊ नका. त्याची अन्न घेणारी मुळं तिथेच, वरच्या थरात असतात.

पैसे देण्याआधी

ठेकेदाराबरोबर पुन्हा एक फेरी मारा. पन्हळी हाताने साफ करायला लावा, भुसा आणि पाला अडकून पहिल्याच पावसात पाणी भिंतीकडे उलटतं. दिवसाउजेडी माळ्यावर जाऊन कौलांकडे खालून बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय.

हिरवळीवरचा भुसा दाताळ्याने गोळा करा. मातीत मिसळून राहिला तर कुजताना तो जमिनीतला नत्र खेचतो आणि गवत फिकं पडतं. चाकोरीच्या वर आलेल्या कडा खरवडून सपाट करू नका. दबलेल्या जागी पहारीने चार-पाच इंच खोल, वीतवीत अंतरावर भोकं पाडा, त्यांत बारीक माती आणि कुजलेलं शेणखत भरा आणि पाणी द्या. गवत उखडलं असेल तिथे दुसरीकडचे मुळासकट तुकडे लावले तर पावसात ते मूळ धरतात.

नारळाचं खोड वाडीत कुजत ठेवू नका. कुजलेल्या खोडात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि ताज्या कापाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. एक नारळ तोडून उरलेल्या दहांना कीड लागावी, असं होऊ देऊ नका. खोड फोडून, वाळवून जळणाला लावा, आणि कोणतंही लाकूड घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, वाळवी भिंतीतून वाशापर्यंत जाते.

बुंधा खणून काढला असेल तर खड्डा थराथराने माती दाबत भरा आणि वर सहा इंचांचा उंचवटा ठेवा. इथल्या पावसात तो खचतोच. श्रावणात एकदा जाऊन बघा, पाणी साचत असेल तर आणखी दोन घमेली माती टाका आणि मगच त्यावर गवत लावा.