काकवी म्हणजे गूळ नव्हे: ऑन्टॉलॉजी शिकायला जाताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या ऑन्टॉलॉजीत काकवी हा गुळाचा एक प्रकार होता. गूळ घन असतो, हेही मी आधीच लिहून ठेवलं होतं. रीझनर (लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) चालवला आणि त्याने मुकाट्याने निष्कर्ष काढला: काकवी घन आहे. कोल्हापुरात हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

उपयोजित ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींशी काय नाती आहेत, हे यंत्रालाही कळेल इतकं काटेकोर मांडणं. अर्धं काम तत्त्वज्ञानाचं, अर्धं माहितीशास्त्राचं. १९९८ मध्ये सुरू झालेली जीन ऑन्टॉलॉजी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. आपल्याकडून या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणारी मुलं एक तर संगणकातली असतात, नाही तर तत्त्वज्ञान किंवा ग्रंथालयशास्त्रातली. प्रत्येकाच्या चुका ठरलेल्या.

आधी प्रोटेजे उघडणं

ऑन्टॉलॉजी लिहिण्याचं स्टॅनफर्डचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि एका संध्याकाळीत त्यात वर्गांचं झाड उभं राहतं. घोळ तिथेच होतो. 'अमुक हा तमुकचा प्रकार' ही शिडी सगळ्यात सोपी, म्हणून दिसेल ते तिच्यावर चढवलं जातं. उसाचा रस आटवताना साधारण १०५ अंशांना उतरवला तर काकवी, ११८ च्या आसपास नेला तर गूळ. दोन्हींचं मूळ एक, पण म्हणून एक दुसऱ्याचा प्रकार होत नाही. ग्रंथालयशास्त्रवाल्यांची गफलत थोडी वेगळी: शब्दसूचीत 'गुऱ्हाळ'खाली 'काहील' (रस आटवायची मोठी कढई) येते, ते तसंच उचलतात. काहील हा गुऱ्हाळाचा भाग आहे, प्रकार नव्हे.

शब्द एक, वस्तू अनेक

'गुऱ्हाळ रस्त्याला लागून आहे' आणि 'गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू झालं'. पहिलं ठिकाण, दुसरं काम. (चर्चेचं गुऱ्हाळ तिसरं, ते तूर्त सोडा.) बीएफओ (बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी) ही कुठल्याही क्षेत्राला लागू पडणारी पायाभूत ऑन्टॉलॉजी २०२१ मध्ये आयएसओ मानक झाली. तिची पहिलीच फांदी इथे फुटते: टिकून राहणाऱ्या गोष्टी एकीकडे, घडत जाणाऱ्या दुसरीकडे. दोन्ही एका वर्गात कोंबल्या की पुढे कुठलंही नातं सरळ बसत नाही.

गूळ बनवणाऱ्या गुळव्याचंही तसंच. गुळव्या ही भूमिका आहे, माणसाची जात नव्हे. हंगाम संपला की तोच माणूस शेतात दिसतो. 'गुळव्या' आणि 'शेतकरी' हे परस्परांपासून वेगळे वर्ग केलेत तर रीझनर विसंगती दाखवेल, आणि चूक त्या बिचाऱ्याची नसेल.

डेटाबेसची सवय

ही सगळ्यात छळणारी. 'उकळवतो' या नात्याचं क्षेत्र (म्हणजे त्यातला कर्ता कोणत्या वर्गातला) 'गुळव्या' असं लिहिलंत की तुम्हाला वाटतं, आता चुकीची नोंद अडवली जाईल. पुढे कुणीतरी लिहितं, चुलवाण रस उकळवतं. आउल (OWL) या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत रीझनर अडवत नाही. तो शांतपणे चुलवाणालाच गुळव्या ठरवतो! उपाय: गुळव्या हा माणूस, चुलवाण हे उपकरण, आणि हे दोन्ही वर्ग वेगळे आहेत, हे उघड लिहा. मग मात्र तो ओरडेल.

शिवाय नोंद नाही म्हणजे गोष्ट नाही, असं आउल मानत नाही. भाट्ट मीमांसकांची योग्यानुपलब्धी आठवा: असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणी न दिसली, तरच ती नाही म्हणता येतं.

'आपल्याकडे हे आधीच होतं'

अर्जातल्या निवेदनाची सुरुवात वैशेषिक दर्शनाच्या कणादांनी सांगितलेल्या सहा पदार्थांनी (अस्तित्वाच्या मूळ प्रकारांनी) करून तिथेच थांबणारे पुष्कळ. वैशेषिक वापरायचंच तर नीट वापरा. एखादा गुण खरी 'जाती' (वस्तूंचा खरा वर्ग) का होऊ शकत नाही, याची कारणं म्हणजे जातिबाधक; उदयनाचार्यांनी सांगितलेल्यांपैकी एक संकर: भूतत्व (महाभूत असणं) आणि मूर्तत्व (मर्यादित आकाराचं असणं) काही ठिकाणी एकत्र येतात, पण आकाशात फक्त पहिलं आणि मनात फक्त दुसरं, म्हणून ती दोन्ही जाती होऊ शकत नाहीत. बीएफओवाले प्रत्येक वर्गाला एकच पालक (त्याच्या वरचा वर्ग) द्या असा आग्रह का धरतात, यावर या मुद्द्यावरून अख्खा निबंध होईल. व्याख्या तपासतानाही तेच. 'गुऱ्हाळात तयार होतो तो गूळ' यात काकवीही शिरते: अतिव्याप्ती, म्हणजे व्याख्या गरजेपेक्षा रुंद. 'गूळ तयार होतो ते गुऱ्हाळ' हे वर जोडलंत की अन्योन्याश्रय, म्हणजे दोन व्याख्या एकमेकींवर टेकलेल्या.

पदवीच्या नावाने शोधणं

बफेलो विद्यापीठात हा विषय तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांच्यामुळे तत्त्वज्ञान विभागात वाढला. इटलीत त्रेंतोला संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत. इतरत्र तो वैद्यकीय माहितीशास्त्रात किंवा संगणकशास्त्रात दडलेला असतो. तेव्हा शोधनिबंध वाचून मार्गदर्शक शोधा. त्यांना लिहिताना आत्मचरित्र नको. तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या धंद्यातल्या पंधरा-वीस व्याख्या जोडा, आणि रीझनरने पकडलेली तुमची एक चूक, दुरुस्तीसकट.