पाड्यावर रक्ताचा नमुना घेताना

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या संशोधनासाठी जाणाऱ्या पथकाने पहिल्या भेटीत सुई बाहेर काढूच नये. आधी आशाताई आणि सरपंच यांना भेटावे, ग्रामसभेत विषय मांडावा आणि लोकांचे प्रश्न ऐकून परत यावे. ग्रामसभेने होकार दिला तरी तो केवळ गावात येण्याचा होकार असतो. प्रत्येकाची संमती वेगळीच घ्यावी लागते. भेटीची वेळही लोकांच्या सोयीने ठरवावी. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत माणसे शेतात असतात आणि नंतर बरीच कुटुंबे द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात; अशा वेळी कुलूपबंद घरांपुढे ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद करणे अन्यायाचे आहे.

संमतीपत्र वाचून दाखवणे म्हणजे समजावणे नव्हे. शक्यतो स्थानिक बोली बोलणाऱ्या व्यक्तीने सगळे सांगावे आणि मग विचारावे, “मावशी, आता तुम्ही मला सांगा, आम्ही काय करणार आहोत?” रक्त किती आणि कशासाठी घेणार, नकार दिला तरी सरकारी दवाखान्यातले उपचार बंद होणार नाहीत आणि मध्येच केव्हाही बाहेर पडता येईल, या गोष्टी त्यांच्या तोंडून आल्या नाहीत, तर पुन्हा सांगावे, अंगठा घेण्याची घाई करू नये. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो आणि तो पथकातला नसावा. सही किंवा अंगठा झालेल्या कागदाची प्रत घरातच राहिली पाहिजे. तिच्यावर संस्थेच्या एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनातील नैतिकता तपासणाऱ्या समितीचा, फोन क्रमांक असावा, म्हणजे तक्रार पथकाला वगळून करता येते.

हा आग्रह अनाठायी नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठीची) लस देण्याचा प्रकल्प झाला, त्यात अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. आश्रमशाळेत काम करणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावे: पालकांची संमती हवीच, आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही हवा.

नकार आला तर तो मान्य करावा. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना घेऊन त्याच दारात उभे राहू नये.

सर्वांत जास्त विश्वास गमावला जातो तो निकालाच्या टप्प्यावर. माझ्या मते नमुना नेऊन पुन्हा न फिरकणाऱ्या पथकाला पुढच्या वेळी ‘रक्त विकतात’ असे ऐकावे लागले, तर दोष गावाचा नाही. निकाल कधी मिळेल ती तारीख नमुना घेतानाच सांगावी, आणि उशीर झाला तर तसा निरोप आशाताईंकडे द्यावा. गावात होणारी सॉल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी वाहक (आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक आलेली व्यक्ती) आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करावी लागते. म्हणून पहिल्या चाचणीवरून कोणालाही ‘तुम्हाला सिकलसेल आहे’ असे म्हणू नये. निकाल त्या व्यक्तीला एकांतात सांगावा. ओसरीवर नावांची यादी वाचली, तर लग्नाच्या मुलीचे स्थळ मोडू शकते. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते हे स्पष्ट करावे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हेही चार गोट्या मांडून दाखवता येते. रुग्ण आढळला तर नुसता कागद हाती न देता त्याची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध कुठे मिळेल ते सांगावे आणि पहिल्या भेटीला शक्य असेल तर पथकातील कोणीतरी सोबत जावे.

संशोधन संपल्यावर एकूण निष्कर्ष, कोणाचेही नाव न घेता, त्याच ग्रामसभेत मांडावेत. पुढे याच नमुन्यांवर दुसरा अभ्यास करायचा झाल्यास एथिक्स कमिटीकडे जावे, आणि त्या वापराला लोकांनी आधी संमती दिलेली नसेल तर त्यांच्याकडेही पुन्हा विचारायला जावे.