मृगाआधी नावेची डिझेल टाकी

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात डिझेल इंजिनाची नाव चालवायची असेल, तर टाकीचं काम मृगाआधी उरकून घ्या. जोर लावला की इंजिन गुदमरतं, फिल्टर काळा निघतो आणि आपण फिल्टरच बदलत बसतो. घाण मात्र टाकीच्या बुडाशी तशीच राहते.

आधी नमुना काढा. नाव रात्रभर हलवू नका. सकाळी पारदर्शक नळी टाकीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात सोडून हातपंपाने अर्धा लिटर डिझेल काचेच्या बरणीत ओढा. खाली पाणी, वर डिझेल आणि मधोमध काळपट, बुळबुळीत साय दिसली, तर जंतू झालेत. ते पाण्यात राहतात आणि डिझेलवर जगतात, म्हणून पाणी काढणं हेच खरं औषध. डिझेल नुसतं गढूळ असेल तर बरणी चोवीस तास ठेवून परत बघा.

मग टाकी रिकामी करून धुवायचं सामान जमवा. सगळं डिझेल मावेल इतके झाकणाचे कॅन, धुवायला पाच-सात लिटर स्वच्छ डिझेल, लांब दांड्याचा ब्रश, जुनं सुती धोतर (कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपात अडकतात), झाकणाचं नवं रबर, टाकीच्या बुडाच्या बोल्टचा वॉशर आणि फिल्टरचे किमान तीन जोड. टाकी धुवायला पेट्रोल वापरू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा, बिडी दूर. टाकीला हवेची नळी असते, तीही फुंकून बघा. ती बुजली की डिझेल ओढलंच जात नाही. टाकी जस्ताच्या पत्र्याची असेल तर बदलायचा विचार करा, जस्त आणि डिझेल यांचं जमत नाही.

डिझेलच्या साठ्याकडे लक्ष द्या, कारण बहुतेक पाणी तिथूनच येतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. वळवाची सर आली की ड्रम गार होतो आणि झाकणावर साचलेलं पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढतो. ड्रम सावलीत आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत. उभाच ठेवायचा तर एका बाजूला विटेचा टेकू द्या, म्हणजे पाणी बुचापासून दूर साचेल.

जंतुनाशक टाकायचंच तर टाकी धुतल्यावर, डब्यावरच्या मापाने. मेलेले जंतूही फिल्टर बुजवतात, तीन जोड त्यासाठीच. साय आलेलं डिझेल इंजिनाला परत पाजू नका, जलाशयात तर मुळीच ओतू नका.

शेवटी एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबले की आवळा, मग इंजिनाच्या डिझेल पंपावरचा स्क्रूही तसाच. टाकी जवळजवळ भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत रात्री दव धरतं. पहिला अर्धा तास किनाऱ्यालगत जोर देऊन चालवा आणि फिल्टरखालची, पाणी साचणारी वाटी उघडून बघा. नावेत एक फिल्टर आणि त्याला बसणारा पाना पिशवीत बांधून ठेवलेला असू द्या.