काळ्या मातीतलं लॉन आणि पुण्याचा उन्हाळा: या चुका टाळा

मार्च लागला की तक्रारी सुरू होतात. हडपसर असो की वाघोली, वाक्य तेच: "रोज पाणी घालतोय, तरी लॉन पिवळं पडतंय." रोज घालताय, म्हणूनच पडतंय.

काळी माती पाणी सावकाश पिते, पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. तिच्यावर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं स्प्रिंकलर फिरवला, तर वरचा इंचभर थर भिजतो आणि बाकीचं पाणी पेव्हिंग ब्लॉकवर वाहून जातं. ओल वरच मिळत असेल तर मुळं खाली कशाला जातील?

वाघोलीकडच्या एका सोसायटीने उद्घाटनाच्या घाईत भर एप्रिलमध्ये कार्पेट लॉन अंथरलं. लाल मातीवर वाढवलेले तुकडे, खाली न खणलेली कडक काळी माती. थोडे दिवस हिरवंगार. मग टँकर कमी झाले, पाणी दिवसाआड आलं आणि आठवड्याभरात गवत वाळलं. बोलणी मात्र माळीकाकांना. मी खुरप्याने एक कोपरा उचलला, तर अख्खा तुकडा चटईसारखा हातात आला. मुळं लाल मातीतच वेटोळी घालून बसलेली, खालच्या काळ्या मातीत एकही शिरलेलं नाही. सेक्रेटरी विचारतात, "युरिया मारू का?" तहानलेल्या गवतावर, मे महिन्यात! उरलंसुरलंही करपलं असतं.

तिथे जूनपर्यंत थांबायला लावलं. पाऊस पडल्या पडल्याही खणू दिलं नाही, कारण ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ढेकळं होतात आणि ती फोडता फोडता जीव जातो. वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, आला की खणायचं. मूठभर माती दाबा: गोळा झाला आणि टिचकीने फुटला तर वाफसा आहे, बोटांना चिकटली तर थांबा. सहा-आठ इंच खणून कुजलेलं शेणखत मिसळलं, मग लॉन लावलं. ज्यांना पंधरा दिवसांत फोटो हवा असतो, त्यांनी काळ्या मातीच्या नादी लागू नये.

माझी पाण्याची पद्धत: उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पहाटे. पंधरा मिनिटं पाणी, अर्धा तास विश्रांती, जिरलं की पुन्हा. मग लांब स्क्रू ड्रायव्हर टोचून बघतो. चार-पाच इंच सहज गेला तर पुरे, मध्येच अडला तर अजून एक फेरी.

भेगांत वाळू ओतू नका, थोड्याशा वाळूने काळी माती मोकळी होत नाही. चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत भरा. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आणि लव्हाळा हे चिवट तण येतं, आणि लव्हाळा एकदा आला की वर्षानुवर्षं उपटत बसावं लागतं.

उन्हाळ्यात कापणी दीड-दोन इंचांवर, धारदार पात्याने. रात्री पाणी नको, बुरशी धरते. ओल्या लॉनवर क्रिकेट तर नकोच.

आणि हरळी असेल तर ती वाळू द्या. वरून तपकिरी झाली तरी जमिनीतली खोडं जिवंत राहतात. पंधरवड्यातून एकदा खोल भिजवलं तरी तग धरते आणि जूनच्या पावसात फुटते. प्यायच्या पाण्याला टँकर लागत असताना ती हिरवी ठेवायचा हट्ट मला पटत नाही. कार्पेट लॉनला मात्र इतकं ताणू नका, ते सावकाश वाढतं आणि एकदा पडलेले टक्कल भरायला पूर्ण पावसाळा घेतं.