कोवळ्या मटारचा पास्ता वेगळा, जून मटारचा वेगळा

मराठवाड्यात मटार थंडीबरोबर येतो आणि थंडीबरोबरच जातो. पौष-माघात शेंग कोवळी आणि गोड असते. होळीच्या सुमारास ऊन चढलं की दाणा पिठूळ होतो, त्याची साल जाड होते. इटलीत मटारचा पास्ता एप्रिल-मेमध्ये करतात, कारण तिथला वसंत तेव्हाचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये चांगली शेंग शोधून सापडत नाही. म्हणून वसंत पंचमी ते होळी हे दिवस या पास्त्याचे धरावेत, आणि त्यातही हाती आलेला मटार चाखूनच कृती ठरवावी. कोवळ्याला तीन मिनिटांची उकळी पुरते, जून मटारला वीस मिनिटं लागतात. बहुतेक घरांत हा पदार्थ फसतो तो मटार न चाखता कृती धरल्यामुळे.

मटार घेताना

शेंग हिरवीगार आणि ताठ हवी, मोडली की कट्‌कन आवाज यावा. फार टम्म फुगलेली, पांढुरकी, जाळीदार शेंग जून असते. ढिगातली एक शेंग सोलून दाणा कच्चाच खाऊन बघावा. गोड आणि रसाळ लागला तर पहिली कृती, पिठासारखा लागला तर दुसरी.

१ किलो शेंगांतून साधारण ४०० ग्रॅम दाणे निघतात. चार माणसांना ३०० ग्रॅम म्हणजे दोन वाट्या दाणे लागतात, त्यासाठी पाऊण किलो शेंगा घ्याव्यात. तोडल्यापासूनच मटारमधल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उष्णतेत हे फार झपाट्याने होतं. सकाळी गोड असलेली शेंग ओट्यावर पडून राहिली तर दुसऱ्या दिवशी तशी राहत नाही. शेंगा आणल्या की न धुता, कापडी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि करायच्या वेळीच सोलाव्यात.

सोललेले दाणे विकत घ्यायची वेळ आली तर थोडे दाणे काचेच्या पेल्यात पाणी घालून अर्धा तास ठेवावेत. पाण्याला हिरवा रंग उतरला तर ते दाणे रंगवलेले आहेत, वापरू नयेत. फ्रोझन मटार चालतो. तो आधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, म्हणून त्याला एकच मिनिट द्यावं.

पास्ता आणि चीज

पाकिटावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ लिहिलेलं आहे का ते आधी बघावं. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला, कठीण आणि पिवळसर. बन्सीच्या रव्याच्या शेवया मोकळ्या का होतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना ड्युरमचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मैद्याचा पास्ता पांढरट दिसतो आणि मिनिटभर जास्त शिजला की गिचका होतो. मटारसाठी आखूड आणि पोकळ आकार घ्यावा: पेने, शंख किंवा एल्बो. दाणे त्या पोकळीत जाऊन बसतात आणि प्रत्येक घासाला मटार येतो. लांब स्पॅगेटीत दाणे ताटलीच्या तळाशीच राहतात.

चीजमध्ये फरक आहे आणि तो समजून घेतला तर निम्म्या चुका टळतात. तालुक्याच्या गावातही मिळतात ते प्रोसेस्ड चीजचे क्यूब सहज, एकसारखे वितळतात, कारण त्यात स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात. नवशिक्याने त्यापासूनच सुरुवात करावी. चेडार किंवा पार्मेझान जास्त चविष्ट, पण जास्त आचेवर त्यातली प्रथिनं आकसतात, तूप बाहेर सुटतं आणि रबरासारखे गोळे होतात. मोझरेला पिझ्झासाठी ठीक, इथे त्याचे दोरे होऊन झाऱ्याला गुंडाळतात. पनीर तर वितळतच नाही. शाकाहारी घरांनी पार्मेझान घेताना हिरवी खूण पाहावी. मूळ इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या अर्काने, करतात.

कोवळ्या मटारची कृती

चार जणांसाठी: पेने ३०० ग्रॅम, मटार दोन वाट्या, प्रोसेस्ड चीजचे ४ क्यूब (१०० ग्रॅम) किंवा बारीक किसलेलं पार्मेझान ६० ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम, तेल १ मोठा चमचा, लसणाच्या ५ पाकळ्या, पातीच्या कांद्याच्या ४ काड्या, पुदिन्याची १०-१२ पानं, मिरेपूड अर्धा छोटा चमचा, एक लिंबू.

१. भगुन्यात २ लिटर पाणी उकळत ठेवावं. इटलीत १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी धरतात, पण ३०० ग्रॅमला २ लिटर पुरतं, फक्त पहिली दोन मिनिटं सतत ढवळावं लागतं. पाणी वाचतं आणि ते दाटही होतं, त्याचा पुढे उपयोग आहे. बोअरचं जड पाणी मात्र वापरू नये. त्यातल्या कॅल्शियममुळे मटारची साल चिवट राहते. पिण्याचं गोडं पाणी घ्यावं. पाणी खळखळ उकळलं की १ सपाट मोठा चमचा मीठ घालावं. तेल घालू नये. ते वर तरंगतं, पास्ता काढताना त्याला लागतं आणि मग रस त्यावरून घसरतो.

२. पास्ता घालून ढवळावं. सुरुवातीला त्याच्या अंगावरचा स्टार्च चिकट असतो, तेव्हा दुर्लक्ष झालं की पास्त्याच्या जुड्या बनतात आणि त्या नंतर सुटत नाहीत. पाकिटावरची वेळ बघावी. समजा ती ११ मिनिटं आहे, तर पास्ता ९ व्या मिनिटाला बाहेर काढायचा आहे.

३. तोवर शेजारच्या शेगडीवर रुंद कढईत लोणी आणि तेल मंद आचेवर तापवावं. नुसतं लोणी लवकर करपतं, म्हणून तेलाची जोड. लसणाचे पातळ काप घालून मिनिटभर परतावेत, वास सुटला की पुरे. लाल झालेला लसूण कडवटतो आणि मटारची गोडी मारतो. मग पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घालून दोन मिनिटं परतावं आणि गॅस बंद करावा. लसणाची कोवळी पात मिळाली तर पाकळ्यांऐवजी तीच घ्यावी, मटारला ती जास्त शोभते.

४. सहाव्या मिनिटाला मटार त्याच भगुन्यात पास्त्यावर सोडावा. झाकण ठेवू नये. मटारमधून सुटणारी आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत, झाकणाखाली कोंडली की हिरवा रंग मेंदीसारखा मळकट होतो. रंगासाठी खायचा सोडा घालायची सवय असेल तर ती सोडावी. सोड्याने रंग राहतो, पण दाणा बुळबुळीत होतो.

५. नवव्या मिनिटाला आधी दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवावं. हे विसरू नये, कारण चाळणीतून एकदा वाहून गेलेलं पाणी परत मिळत नाही. पेनेचा एक तुकडा मधोमध मोडून बघावा: कडेला पिवळसर आणि मध्ये सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की झालं. पास्ता आणि मटार झाऱ्याने उचलून थेट कढईत घ्यावेत. थंड पाण्याखाली धुऊ नयेत, त्याने रस धरणारा स्टार्च धुऊन जातो.

६. कढईखाली मोठी आच करून काढलेल्या पाण्यातलं एक वाटी पाणी घालावं आणि दोन मिनिटं हलवत राहावं. शेंगोळ्यांच्या रश्शाला जसा पिठाच्या पाण्याने दाटपणा येतो, तेच इथे होतं. या पाण्यातला स्टार्च लोणी आणि पाणी एकजीव करतो. यासाठी मैदा, दूध, क्रीम काहीच लागत नाही, आणि मैद्याच्या पांढऱ्या सॉसखाली कोवळ्या मटारची चव दबते ती वेगळीच.

७. गॅस बंद. कढई खाली उतरवून मिनिटभर थांबावं. उकळण्याचे बुडबुडे पूर्ण थांबले की किसलेलं चीज तीन वेळा मूठ-मूठ करून पेरावं, प्रत्येक मुठीनंतर चांगलं हलवावं, आणि आवळून आलं तर दोन-दोन चमचे राखलेलं पाणी घालावं. बरोबर जमलं की कढई तिरपी केल्यावर रस पाण्यासारखा धावत नाही, पास्त्याला धरून सावकाश सरकतो आणि पेनेच्या प्रत्येक रेघेत चकाकतो. गोळे झालेच तर लगेच दोन चमचे गरम पाणी घालून जोरात फेटावं. प्रोसेस्ड चीज बहुधा सावरतं, पार्मेझान क्वचितच.

८. आता चाखून मीठ बघावं. चीज खारट असतं, म्हणून त्याआधी कढईत मीठ घालूच नये. मिरेपूड, हाताने तोडलेला पुदिना, पातीचा हिरवा भाग आणि लिंबाच्या सालीचा वरचा हिरवा थर किसून घालावा. आतल्या पांढऱ्या थराला किसणी लागू देऊ नये, तो कडू असतो. रसाचे चार-सहा थेंब ताटात वाढताना पिळावेत. आधी पिळले तर मटारचा रंग जातो.

पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या इथे फोडू नयेत. वाळलेल्या ओरेगॅनोचा उग्र वास मटारला झाकून टाकतो. तिखट हवंच असेल तर एक हिरवी मिरची उभी चिरून लसणाबरोबर परतावी आणि नंतर काढून टाकावी.

हा पास्ता थांबत नाही. दहा मिनिटांत तो रस पिऊन कोरडा होतो, म्हणून माणसं ताटावर बसल्यावरच सातवी पायरी सुरू करावी.

जून मटारची कृती

फाल्गुनातला पिठूळ मटार टाकून द्यायची गरज नाही. इटलीतल्या नापोली (नेपल्स) शहरात घरोघरी होणारा ‘पास्ता ए पिझेल्ली’ अशा मटारला नेमका बसतो. यात पास्ता वेगळा उकडायचा नाही, मटारच्याच रसात शिजवायचा, आपल्या चकोल्या वरणात शिजतात तसा.

पाऊण किलो शेंगांची हिरवी, न डागाळलेली टरफलं धुऊन सव्वा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळावीत आणि पाणी गाळून घ्यावं. व्हेनिसमध्ये २५ एप्रिलला, संत मार्कच्या सणाला, ‘रिझी ए बीझी’ हा मटार-भात करण्याची जुनी रीत आहे. त्यातही टरफलांचं पाणी वापरतात. हे पाणी गोडसर, फिकट हिरवं असतं आणि मटारची अर्धी चव त्यातच उतरते. मिक्सरमध्ये टरफलं फिरवून गाळायच्या भानगडीत पडू नये, धागे येतात.

जाड बुडाच्या भगुन्यात ३ मोठे चमचे तेल तापवून एक मोठा कांदा बारीक चिरून मंद आचेवर आठ मिनिटं मऊ करावा, रंग येऊ देऊ नये. दोन वाट्या मटार घालून परतावा, दोन वाट्या टरफलांचं गरम पाणी घालून झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं शिजवावा. इथे झाकण चालतं. हा मटार मऊ आणि मळकट हिरवाच व्हायला हवा. डावाच्या पाठीने पाव भाग दाणे भगुन्यातच ठेचावेत, रस त्यानेच दाटतो. मग उरलेलं गरम पाणी, पाऊण छोटा चमचा मीठ आणि २०० ग्रॅम एल्बो (किंवा बोटाच्या पेराएवढी तोडलेली स्पॅगेटी) घालून मध्यम आचेवर शिजवावं. हा पास्ता बुडाला लागतो, त्यामुळे दर मिनिटाला तळापर्यंत ढवळावं. पाणी कमी पडलं तर उकळतं पाणीच घालावं. गार पाण्याने उकळी मोडते आणि पास्ता बाहेरून गिळगिळीत, आतून कच्चा राहतो. पास्ता शिजायला आला की रस पातळ दिसत असतानाच उतरवावं, पाच मिनिटांत तो घट्ट होणारच आहे. ५० ग्रॅम चीज आच बंद केल्यावर मिसळावं, भरपूर मिरेपूड घालावी आणि खोलगट ताटलीत चमच्याने खायला द्यावं.

चीज मिळालं नाही तर

अर्धा लिटर म्हशीचं दूध उकळून, गॅस बंद करून, लिंबाच्या रसाने फाडावं आणि फडक्यात गाळावं. छेना दाबून पनीर करू नये, ओलसरच ठेवावा. तो पास्त्याच्या गरम पाण्याचे चार-पाच चमचे, चिमूटभर मीठ आणि मिरेपूड घालून मऊ होईपर्यंत फेटावा आणि पहिल्या कृतीत सातव्या पायरीला चीजऐवजी घालावा. इटलीत रिकोटा हे मऊ, ताजं चीज असंच वापरतात. छेना वितळत नाही, त्यामुळे रस किंचित रवाळ राहतो, पण ताजेपणा चीजहून जास्त असतो. यात मीठ आणि लिंबाची साल थोडी जास्त लागते.

माघातला मटार होळीपर्यंत टिकवायचा असेल तर कोवळे दाणे उकळत्या पाण्यात दीड मिनिट टाकावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करून पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. उकळी न देता नुसते गोठवले तर दाण्यातली एन्झाइम्स काम करतच राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत गवतासारखा वास येतो. एका पिशवीत दोनच वाट्या भराव्यात, म्हणजे एका वेळच्या पास्त्याला एक पिशवी नेमकी लागते.