खरबी ओळखायची तर आधी उताणी करा

नदीतल्या माशांवर काम सुरू केलेली मुलं मला खरबीचे, म्हणजे गोबी माशाचे, फोटो पाठवतात, "ही कुठली जात?" असं विचारून. फोटो असतो वरून काढलेला, तपकिरी पाठीचा. त्यावरून मी काय सांगणार, कप्पाळ! मासा आधी उताणा करा. पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झाली असेल तर ती खरबीच्या कुळातली. पर सुटे असतील तर बहुधा एलिओट्रिस, म्हणजे वेगळ्या कुळातला मासा. रंगाने तो अगदी हुबेहूब, म्हणूनच नवखे फसतात.

मग तोंड बघा. आपल्याकडची नेहमीची खरबी म्हणजे ग्लॉसोगोबियस जियुरिस. तिचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि जिभेच्या टोकाला खाच असते. चिमट्याने तोंड उघडलं की खाच लगेच दिसते. खरबीच्याच कुळातल्या अवाऊसचं उलट: नाकाड लांब, वरचा ओठ जाड. कल्ल्याचं झाकण उचललंत तर आत खांद्याच्या हाडाच्या कडेवर मांसल गाठी दिसतील. ही खूण हमखास. जुन्या ग्रंथांत या साऱ्या 'गोबियस' नावाखाली सापडतील. मासे अभ्यासणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये जियुरिसचं वर्णन त्याच नावाने केलं होतं.

एवढं झालं की ठिपके. जियुरिसच्या कुशीवर मधोमध पाच-सहा गडद डागांची ओळ असते. अवाऊसवरही पुसट डाग असतात, म्हणून नुसत्या डागांवर नाव ठोकू नका. डाग किती गडद आहे यापेक्षा तो कुठे आहे ते लिहा: डोळ्याखाली पट्टा आहे का, पाठीच्या पहिल्या परावर ठिपका आहे का, असल्यास पुढे की मागे. वाळूवरची खरबी फिकट, पाचोळ्यातली काळपट, आणि बादलीत टाकली की थोड्याच वेळात तिसरीच. नमुने टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये पिवळा-तांबडा रंग जातो, काळा टिकतो. त्यामुळे फोटो जिवंतपणीच, काचेच्या अरुंद पेटीत, कुशीवरून काढा.

ग्लॉसोगोबियसमधल्याच दोन जाती अडल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली गालावरच्या बारीक संवेदी पुटकुळ्यांच्या ओळी बघाव्या लागतात. काम किचकट आहे, पण तिथे पळवाट नाही.

जागाही नीट लिहा. नदीचं नाव 'वाशिष्ठी' एवढंच पुरत नाही. चिपळूणजवळच्या गोवळकोटला भरतीचं पाणी येतं, वरच्या कोंडीत येत नाही. आणि नमुन्याच्या बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.